पुंडलिकाचे पाय

आईच्या अंगावरून वारं गेलं त्या सकाळी तिनं चपात्यांची कणीक मळून ठेवली होती. संध्याकाळी कपडे न्यायला मी दवाखान्यातून घरी आले, तेव्हा ती परातीत तशीच होती. वर काळपट कवच धरलेलं, आणि त्यात तिच्या चार बोटांचे ठसे. उजव्या हाताचे. तो हात पुढं कधी उठला नाही. त्या ठशांकडे बघत मी किती वेळ उभी होते कोण जाणे. मग कणीक गाईला घातली, पिशवी भरली आणि परत गेले. रडायचं राहून गेलं. पुढच्या पावणेचार वर्षांत ते बहुतेक राहतच गेलं.

हे पुस्तक ज्यांच्यासाठी आहे त्यांना हे राहून जाणं समजावून सांगायची गरज नाही. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस साधारण दर दोन तासांनी बदलावी लागते, नाही तर पाठीला, माकडहाडाला जखमा होतात. दिवसा आणि रात्रीही. दोन तासांच्या त्या तुकड्यांत स्वयंपाक, नोकरी, मुलांच्या परीक्षा, औषधाचं दुकान, पेन्शनसाठी हयातीचा दाखला आणि स्वतःची झोप, एवढं सगळं बसवायचं असतं. मेणकापड धुवायचं असतं. नाकातल्या नळीतून जाईल इतकं पातळ जेवण गाळून ठेवायचं असतं. यात रडणं बसत नाही. बसलं तर ते न्हाणीघरात, नळ सोडून.

समाचाराला येणारी माणसं शहाळं, बिस्किटांचा पुडा आणि एखादा सल्ला घेऊन येतात. कुणाला सांगलीचा वैद्य माहीत असतो, कुणाला कर्नाटकातलं तेल. ती मनानं चांगलीच असतात, मला त्यांच्याबद्दल तक्रार करायची नाही. पण निघताना उंबऱ्यावर चपला घालत एक वाक्य हमखास यायचं, "आणि बाई, स्वतःचीही काळजी घे हं." पहिल्या वर्षी ते ऐकून बरं वाटायचं. दुसऱ्या वर्षी त्या वाक्याचा धसका बसला. कारण आईची औषधं, आईची कूस, आईची फिजिओथेरपी या यादीत शेवटी आणखी एक काम लिहिलं जायचं: स्वतःची काळजी. ते रोज राहायचं आणि रोज वाटायचं, बघा, हेही आपल्याला जमत नाही.

म्हणून या प्रस्तावनेत मला जे सांगायचं आहे ते आधीच सांगून टाकते. सेवा करणाऱ्याला 'स्वतःची काळजी घे' एवढंच सांगून निघून जाणं म्हणजे त्याच्या डोक्यावरच्या भाऱ्यात आणखी एक पेंढी ठेवणं आहे. भारा खाली ठेवायला दोन हात पुढं येईपर्यंत त्याला मानेचे व्यायाम शिकवून उपयोग नाही. श्वास, ध्यान, नामस्मरण, वहीत लिहिणं हे सगळं खरं आहे, उपयोगाचं आहे आणि पुढच्या पानांत त्याबद्दल भरपूर आहे. पण त्याच्याही आधी कुणीतरी खाटेजवळच्या खुर्चीत येऊन बसायला हवं.

आपल्या भाषेत या माणसाला नीटसं नावही नव्हतं. 'काळजीवाहू' म्हटलं की सरकार आठवतं. 'केअरटेकर' म्हटलं की बारा तासांच्या ड्यूटीवर येणारी पगारी मावशी डोळ्यांपुढं येते. घरातली सून, लेक, बायको, नवरा, धाकटा भाऊ जे करतात त्याला आपण नुसतं 'करणं' म्हणतो. ती आईचं करते. सासऱ्यांचं शेवटपर्यंत तिनंच केलं. काय केलं, हे कुणी विचारत नाही. 'करणं' या एका क्रियापदात मलमूत्र, रात्री, पैशाची ओढाताण, सोडलेली नोकरी, मोडलेली कंबर असं सगळं झाकून जातं. आणि हे क्रियापद बहुतेक स्त्रीलिंगीच चालवलं जातं. २०१९ साली देशात पहिल्यांदा राष्ट्रीय पातळीवर वेळेच्या वापराची पाहणी झाली. घरातल्या माणसांची विनामोबदला देखभाल करणाऱ्यांपैकी बायका त्यासाठी दिवसाला सरासरी १३४ मिनिटं देतात आणि पुरुष ७६, असं त्यात निघालं. त्यात लहान मुलांचं करणंही आलं. शिवाय पुरुषांपैकी मुळात हे काम करणारेच थोडे. आकडा वाचला तेव्हा मला आश्चर्य वाटलं नाही, पण कुणीतरी मोजलं याचं समाधान वाटलं.

नाव मात्र गेल्या काही वर्षांत मिळालं आहे, आणि ते मराठीतच घडलं आहे. मानसिक आजारांच्या स्वमदत गटांत, पुण्याच्या पार्किन्सन्स मित्रमंडळात रुग्णाला 'शुभार्थी' म्हणतात आणि त्याचं करणाऱ्याला 'शुभंकर'. हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला तेव्हा आमच्या घरातली दिवेलागण आठवली. देवापुढं दिवा लावून हात जोडताना तोंडात येणारं शुभ आणि मेणकापड धुताना हातांनी घडणारं शुभ एकाच शब्दात आलं होतं. या पुस्तकात तोच शब्द वापरला आहे. तुम्हाला तो सुरुवातीला जड वाटेल. दोन प्रकरणं वाचून होईपर्यंत स्वतःला लावून बघा.

महाराष्ट्राचं सगळ्यांत लाडकं दैवत एका शुभंकराच्या दारात उभं आहे. पुंडलिकाची गोष्ट आपण लहानपणापासून इतकी ऐकली आहे की ती ऐकू येईनाशी झाली आहे. आईबापांचे पाय चेपत बसलेल्या पुंडलिकाकडं देव आला. पुंडलिक उठला नाही. वीट भिरकावली, यावर उभा राहा म्हणाला. देव उभा राहिला. कीर्तनात या गोष्टीचा अर्थ मातृपितृभक्ती असा सांगतात, आणि तो खराच आहे. पण रात्री तीन वाजता आईची कूस बदलून तिथंच भिंतीला टेकून बसले असताना मला त्या गोष्टीत आणखी दोन गोष्टी दिसल्या.

पहिली ही, की पुंडलिक 'थांब' म्हणाला. तेही देवाला. आणि त्याबद्दल त्याला अपराधी वाटल्याचं कुणी सांगत नाही. आपल्याला फोनवरच्या चुलत मावशीलाही 'आत्ता नको, नंतर बोलते' म्हणता येत नाही. लग्नाच्या आमंत्रणाला नाही म्हणता येत नाही. दुपारी तीन वाजता रुग्णाला बघायला येणाऱ्या सहा जणांना 'आज नको' म्हणता येत नाही, वर त्यांच्यासाठी चहाचं आधण ठेवावं लागतं. ज्याच्या हातात सेवा आहे त्यानं बाकीच्या जगाला विटेवर उभं करावं, याला आपल्याकडं थेट पंढरपूरची परवानगी आहे.

दुसरी गोष्ट देवाच्या वागण्याची. विठ्ठल रागावला नाही. त्यानं सल्ला दिला नाही. अमुक तेल लाव म्हणाला नाही, 'मी तुझ्या जागी असतो तर' असं म्हणाला नाही. घाई केली नाही. कमरेवर हात ठेवून जवळ उभा राहिला, एवढंच. शुभंकराला दुसऱ्या माणसाकडून जे हवं असतं ते नेमकं हेच आहे, हे मला पावणेचार वर्षांनी कळलं. मन मोकळं कर म्हणून पाठीस लागणारा नको असतो. काम चालू असताना जवळ थांबू शकणारा हवा असतो.

आणि एक प्रश्न त्या गोष्टीत कुणीच विचारत नाही. पुंडलिकाचे पाय कोण चेपत होतं? पंढरपुरात चंद्रभागेच्या वाळवंटात त्याचं देऊळ आहे, पाणी चढलं की ते बुडतं, उतरलं की पुन्हा दिसतं. वारकरी तिथं डोकं टेकतात. पण त्याच्या दुखऱ्या मांड्या, जागरणानं चुरचुरणारे डोळे यांबद्दल मी कुठल्या कीर्तनात ऐकल्याचं मला आठवत नाही. हे पुस्तक त्या पायांबद्दल आहे.

आता आपल्या कोल्हापूरकडं येते. या जिल्ह्यात 'पैरा' नावाची पद्धत आहे. भाताची रोपलावण आली, भांगलण आली की आज माझ्या शेतात तुम्ही सगळे, उद्या तुमच्या शेतात मी. पैसा फिरत नाही, माणसं फिरतात. ज्याच्या घरात माणूसबळ कमी त्याचीही लावण वेळेत होते. मला सारखं वाटतं की घरातल्या आजारपणाला हाच पैरा का लागू नये? मंगळवारी चार ते सहा शेजारची बाई येऊन बसली आणि तिच्या नातवाच्या तापात मी दोन रात्री तिच्याकडं गेले, तर त्यात अवघड काय आहे? अवघड आहे ते तोंड उघडणं. उसाच्या पाण्याची पाळी आपण हक्कानं मागतो, विसाव्याची पाळी मागताना जीभ जड होते. घरातलं कुणी अंथरुणात शी-शू करतं हे शेजाऱ्याला कळू नये, ही लाज त्याच्या मुळाशी आहे. ती लाज रुग्णाची असते म्हणून आपण ती जपतो. पण त्या जपण्यात घराचं दार आतून लागतं, आणि ते आपण लावलं हेही लक्षात येत नाही.

दार उघडलं की काय होऊ शकतं हे केरळनं दाखवलं आहे. १९९३ मध्ये कोळिकोडला डॉ. एम. आर. राजगोपाल, डॉ. सुरेश कुमार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वेदनाशमनाचं काम सुरू केलं. पुढं ते दवाखान्यातून गल्लीत उतरलं. गावातली साधी माणसं, दुकानदार, शिक्षक, विद्यार्थी थोडं प्रशिक्षण घेऊन ठरावीक दिवशी अंथरुणावरच्या रुग्णाच्या घरी जाऊ लागली. जखम बांधायला नर्स असायची. बाकीचे घरातल्यांशी बोलायचे, रेशन बघायचे, मुलांच्या वह्यापुस्तकांचं बघायचे. खर्च बराचसा लोकांनी दिलेल्या छोट्या छोट्या रकमांतून चालायचा.

आणि आपल्याकडं काय कमी आहे? पेठेपेठेत तालमी आहेत. या तालमींच्या पोरांना आपण शाहू स्टेडियमवर फुटबॉल खेळताना बघतो, गणपतीत बघतो. आणि ज्यांनी २०१९चा ऑगस्ट पाहिला त्यांना वेगळं सांगायला नको. पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट, आणि त्या वर्षी पाणी ५५ फुटांच्याही वर गेलं. आंबेवाडी, प्रयाग चिखलीसारख्या गावांतून माणसं नावेनं काढावी लागली. अशा वेळी म्हाताऱ्यांना खुर्चीसकट उचलून आणायला या शहराला कुणी शिकवावं लागत नाही. पूर ओसरला की सगळे आपापल्या घरी जातात. पण काही घरांतलं पाणी वर्षानुवर्षं उतरत नाही. त्या घरांत आठवड्यातून दोन तास जाऊन बसणारी तालीम कोल्हापुरात उभी राहिली तर ती सबंध महाराष्ट्राला वाट दाखवील. हे मी उगाच हुरळून लिहीत नाही, मला ते अगदी होण्यासारखं वाटतं.

आता ज्याबद्दल लिहिताना हात अडखळतो त्याकडं वळते.

एका मध्यरात्री तिसऱ्यांदा चादर ओली झाली तेव्हा मी आईवर ओरडले. शब्द इथं लिहीत नाही. तिला बोलता येत नव्हतं, ऐकू मात्र सगळं यायचं. तिनं डोळे मिटून घेतले, झोपल्यासारखे. ती झोपलेली नव्हती. मी चादर बदलली, मेणकापड पुसलं, तिला कोरडं केलं आणि हे सगळं करताना माझे हात नेहमीसारखे हलके नव्हते. सकाळी मी तिच्या डाव्या हातावर कपाळ टेकलं, तिनं बोटं हलवली. तिनं माफ केलं असं मी धरून चालते. स्वतःला करायला मला फार वेळ लागला.

सेवा करणाऱ्याला राग येतो. शिसारी येते. पुण्याहून महिन्यातून एकदा येऊन 'आई किती वाळली गं' म्हणणाऱ्या सख्ख्या भावाबद्दल मनात विष साचतं. आणि एखाद्या पहाटे 'आता सुटावी' असा विचार येतो, त्यात 'ती सुटावी' किती आणि 'मी सुटावे' किती हे सांगता येत नाही. जवळजवळ प्रत्येक शुभंकराच्या मनात हे येऊन जातं आणि जवळजवळ प्रत्येकाला वाटतं की आपणच तेवढे राक्षस. या पुस्तकात लिहिणाऱ्यांनी हे स्वतःच्या हातानं लिहिलं आहे. ते वाचून कुणाला एका रात्रीपुरती जरी झोप लागली तरी पुस्तकाचं काम झालं.

या रागाच्या तळाशी बहुतेकदा दुःख असतं. माणूस गेल्यावरच दुःख सुरू होतं अशी आपली समजूत. पण १९४४ साली एरिक लिंडेमन या मनोविकारतज्ज्ञानं शोकावर जो निबंध लिहिला त्यात एक वेगळी नोंद आहे. युद्धावर गेलेल्या सैनिकांच्या घरची माणसं, माणूस जिवंत असतानाच, त्याच्या जाण्याचा शोक आधीच करून बसत होती. शुभंकराच्या घरी हे रोज घडतं. माझी कणीक मळणारी आई त्या सकाळीच गेली होती. जी घरी आली तिचे डोळे आईचे होते, रुसणंही आईचं होतं, पण 'जेवलीस का' विचारणारी आई परत आली नाही. जी समोर आहे तिचंच सुतक कसं धरायचं? विस्मरणाच्या आजारात तर हे फारच जीवघेणं होतं. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा 'अस्तु' हा चित्रपट पाहिला नसेल तर जरूर पाहा. संस्कृतचे गाढे विद्वान असलेले वडील स्वतःचं सगळं विसरत चालले आहेत आणि मुलगी त्यांना सांभाळता सांभाळता थकली आहे. मोहन आगाशे आणि इरावती हर्षे यांनी ते दोघं जिवंत केले आहेत. पण माझ्या मनात घर केलं ते अमृता सुभाष यांच्या चन्नम्मानं. हत्तीच्या माहुताची ती बायको हरवलेल्या म्हाताऱ्याला लेकरासारखं जवळ घेते. तो कोण होता याच्याशी तिला देणंघेणं नाही, म्हणून आत्ता जसा आहे तसा तो तिला दिसतो. लेकीला हे जमत नाही, कारण तिला ते पूर्वीचे बाबा हवे आहेत. शुभंकराचं अध्यात्म मला तरी त्या दोघींच्या मधल्या जागेत सापडलं.

याच जोडीचा 'देवराई' २००४ मध्ये आला. त्यामागं डॉ. जगन्नाथ वाणी यांचा पाठिंबा होता. कॅनडात कॅलगरीला प्राध्यापकी करणाऱ्या या धुळ्याकडच्या माणसानं स्किझोफ्रेनियाग्रस्त पत्नीचं कित्येक वर्षं केलं, आणि आपल्यासारख्या इतर घरांसाठी पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन उभी केली. व्यसनाच्या बाबतीत पुण्याच्याच मुक्तांगणनं घरच्यांनाही आधार लागतो हे फार आधी ओळखलं होतं. १९८६ मध्ये डॉ. सुनंदा आणि अनिल अवचट यांनी ते सुरू केलं. तिथं रुग्णाइतकंच त्याच्या बायकोकडंही लक्ष दिलं जातं, पत्नींचा 'सहचरी' नावाचा गट आहे. गटात बसल्यावर काय होतं? फार काही नाही. एक बाई बोलते, दुसरी मान हलवते. ती मान हलवणं हेच औषध असतं, कारण ती मान स्वतः त्यातून गेलेली असते.

आध्यात्मिक आधार हा शब्द मी जपून वापरते. सेवा करणाऱ्याला देवाच्या नावानं जितकं दुखावलं जातं तितकं क्वचितच दुसऱ्या कशानं. 'गेल्या जन्मीचं देणं फेडतेस.' 'तिचे भोग आहेत, भोगून संपवायचे.' 'एवढी सेवा करतेस, पुण्य लागेल.' ही तिन्ही वाक्यं माझ्या स्वयंपाकघरात उभं राहून मला सांगितली गेली आहेत. पहिल्या वाक्यानं मी गुन्हेगार ठरते, दुसऱ्यानं आई. तिसऱ्यानं माझं तिच्यावरचं प्रेम बँकेतल्या ठेवीसारखं होतं. लंडनला १९६७ मध्ये सेंट ख्रिस्तोफर्स हे हॉस्पिस उभारणाऱ्या सिसिली सॉन्डर्स आधी परिचारिका होत्या, मग समाजसेविका, मग डॉक्टर झाल्या. मरणाच्या वाटेवरच्या माणसाची वेदना शरीराची, मनाची, नात्यागोत्याची आणि आत्म्याची अशी एकत्र गुंतलेली असते, एकच धागा ओढून ती सुटत नाही, हे त्यांनी जगाला पटवलं. शुभंकराची वेदनाही तशीच चौपदरी असते. त्याची कंबर दुखते, मन दुखतं, नाती दुखतात, आणि 'हे आमच्याच वाट्याला का' हा प्रश्न या सगळ्यांच्या खाली ठसठसत असतो.

त्या प्रश्नाला उत्तर द्यायची घाई या पुस्तकानं केलेली नाही, हे मला फार आवडलं. आपल्या संतांनीही केली नव्हती. नामदेव, जनाबाई, तुकोबा विठ्ठलाशी भांडले आहेत, रुसले आहेत, त्याला वाट्टेल ते बोलले आहेत. तुकोबांनी दुष्काळात बायको आणि मूल गमावलं होतं, ते भांडण पुस्तकी नव्हतं. देवावर चिडलेला माणूस नास्तिक झाला असं आपली परंपरा मानत नाही, तो देवाच्या घरातलाच झाला असं मानते. तेव्हा चिडायचं असेल तर चिडा. एक वर्षभर मी अंबाबाईच्या देवळात गेले नाही. गेले तेव्हा किरणोत्सवाचे दिवस होते. मावळतीची किरणं देवीच्या पायांवरून वर सरकत होती आणि माझ्या शेजारची अनोळखी बाई मुसमुसत होती. मी तिला काही विचारलं नाही. जरा सरकून जवळ उभी राहिले. तिला काय वाटलं माहीत नाही, मला बरं वाटलं.

बाकी साधनं साधीच आहेत आणि ती पुढं येतील. मला उपयोगी पडलं ते औषधांच्या वेळा लिहायच्या वहीतलं शेवटचं पान. तिथं रोज एक शब्द स्वतःबद्दल लिहायचा: 'चिडचिड', 'पाठ', 'बरं', 'भीती'. कधी नुसतंच 'नको'. महिन्याभरानं पान वाचलं आणि सलग अकरा दिवस 'झोप नाही' दिसलं तेव्हा डॉक्टरकडं गेले. माझंच ब्लडप्रेशर वाढलं होतं. शुभंकराच्या गोळ्या सगळ्यात आधी संपतात आणि सगळ्यात शेवटी आणल्या जातात, हे त्या दिवशी कळलं. आठवडे न् आठवडे झोप नसेल, जेवण जात नसेल, जगणं नकोसं वाटत असेल तर ते नामस्मरणावर ढकलू नका. डॉक्टरांना दाखवा. १४४१६ हा टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी मदतसेवेचा नंबर आहे, २०२२ मध्ये तो सुरू झाला. फोनला पैसे पडत नाहीत, दिवसरात्र लागतो, मराठीत बोलता येतं.

आणि मग एक दिवस माणूस जातं.

जाण्याच्या बाबतीत कोल्हापूर हे मोठ्या मनाचं गाव आहे. पंचगंगा स्मशानभूमीत महापालिका अंत्यसंस्काराचे पैसे घेत नाही. होळीला पेठापेठांतून शेणी जमवून स्मशानभूमीला दान केल्या जातात. आपण ज्यांना ओळखत नाही अशांच्या अखेरच्या सोयीसाठी गाव सणाच्या दिवशी आठवण ठेवतं, याचा मला अभिमान आहे. तिसऱ्या दिवशी रक्षाविसर्जन. नैवेद्य ठेवून सगळे लांब उभे राहतात आणि कावळ्याची वाट बघतात.

आईच्या वेळी कावळा शिवायला वेळ लागला. झाडावर दोन-चार बसले होते, खाली येईनात. "काहीतरी राहिलंय बघा मनात," मागून कुणीतरी म्हणालं. भाऊ पुढं होऊन म्हणाला, आई, काळजी करू नको. मामांनी काही कबूल केलं. मग एकेक करून सगळ्यांच्या नजरा माझ्याकडं वळल्या. जिनं केलं तिनंच काहीतरी कमी केलं असणार. वाईट मनानं कुणी बघत नव्हतं. पण त्या दहा मिनिटांत मला ती रात्र आठवली, ओली चादर, मिटलेले डोळे. मी काहीच बोलले नाही. थोड्या वेळानं कावळा आला, भाताला चोच लावली, सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला. मी सोडलेला नव्हता. कुणाच्या घरच्या रक्षाविसर्जनाला गेलात तर कावळ्याकडं बघता बघता एकदा त्या बाईकडं बघा, आणि तिच्या शेजारी जाऊन उभे राहा.

दिवसकार्य आटोपलं, पाहुणे पांगले. त्या रात्री मला जाग आली ती आवाजानं नव्हे, आवाज नसल्यानं. पावणेचार वर्षं एअरबेडचा पंप रात्रंदिवस घरघरत होता. आता तो माळ्यावर होता. मी उठून बसले, दोन तास झाले होते, कूस बदलायची वेळ होती आणि बदलायला कुणी नव्हतं. पुढचे कित्येक महिने मला दर दोन तासांनी जाग येत राहिली. लोक म्हणत होते, आता तू मोकळी झालीस. जे हात इतकी वर्षं कामात होते त्यांना ते मोकळं होणं कुठं ठेवावं कळत नव्हतं. या काळाबद्दल आपल्याकडं फारच कमी लिहिलं गेलं आहे. तेरावा झाला की सांत्वन करणारे थांबतात आणि शुभंकराचं खरं दुःख बहुधा तिथूनच सुरू होतं. पुस्तकातला सगळ्यांत मोठा भाग त्यावर आहे, आणि तो तसा असायलाच हवा होता.

माझ्या वाट्याला आलेला एक दिवस मात्र सांगायचा राहिला. आई असतानाचा, तिसऱ्या वर्षीचा.

आषाढी एकादशी होती. पंढरपूर ज्यांना जमत नाही ते आमच्याकडचे लोक दिंडीबरोबर नंदवाळला जातात, प्रतिपंढरपूर म्हणतात त्याला. मी लहानपणी आईचं बोट धरून जायचे. त्या सकाळी रस्त्यावरून टाळांचा आवाज आला आणि मी खिडकीत नुसती उभी राहिले. समोरच्या आक्का दारात आल्या. सत्तरीच्या, गुडघे दुखणाऱ्या. त्यांनी पाय धुतले, पदर खोचला आणि खाटेजवळची खुर्ची ओढली.

"तू जा. मी बसतो हितं."

कोल्हापुरातल्या जुन्या बायका स्वतःबद्दल बोलताना जातो-येतोच म्हणतात. मी औषधांच्या वेळा सांगायला लागले. नळी कशी धरायची, पाणी किती. त्यांनी हातानंच थांबवलं. "माझ्या सासूचं आठ वर्सं केलंय मी. जा."

पाऊस होता. पुईखडीच्या माळावर रिंगण बघितलं, घोडा चिखल उडवत गेला आणि गर्दीबरोबर मीही ओरडले, घसा बसेपर्यंत. पुढं नंदवाळच्या वाटेवर कधीतरी माझ्या लक्षात आलं की मी रडते आहे आणि पावसात ते कुणाला दिसत नाही. परातीतली कणीक आठवली. पुसलं नाही, चालत राहिले.

परत आले तेव्हा साडी गुडघ्यापर्यंत चिखलानं भरलेली होती. पंप घरघरत होता. आईची कूस भिंतीकडं होती, मेणकापडावर कोरडी चादर घातलेली, वापरलेली धुऊन दोरीवर. आक्का तशाच खुर्चीत, आईचा डावा हात स्वतःच्या मांडीवर घेऊन बसलेल्या.

"एवढ्यात आलीस?" त्या म्हणाल्या.

मी घड्याळाकडं बघितलं. आठ तास झाले होते.